बारा सकाळींचं शून्य

९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

वाकून नमस्कार करायला गुडघे परवानगी देत नाहीत, तेव्हा उभ्याउभ्याच करते. तू मोठी आहेस, चालवून घे.

चौदा महिन्यांनी नणंदेचं पत्र आलंय म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असं समजून घाबरू नकोस. सगळे जागच्या जागी आहेत. मी आहे, दादा आहे, आणि मोरीतला नळ तू गेलीस त्या दिवशी जितका गळत होता तितकाच गळतोय. पत्र लिहायचं कारण एवढंच की तू माझा फोन उचलत नाहीस. तुझी थोरली उचलते आणि म्हणते, "आत्या, आई अंघोळीला गेलीये." चौदा महिने चालणारी अंघोळ मी जगात दुसरीकडे ऐकली नाही. तिला सांग, निदान अधूनमधून तुला देवळात तरी पाठवत जा.

घरचं म्हणशील तर दादा नेहमीसारखा. परवा जेवताना "मीठ" म्हणाला. काल तेही म्हणाला नाही. बहुतेक मीठ बरोबर पडलं असावं. आमच्या समुद्रसंशोधन केंद्राची होडी चालवतो, संध्याकाळी शेडमध्ये लोकांची इंजिनं उघडून बसतो. त्या इंजिनांशी मात्र बोलतो. मी दाराआडून ऐकलंय.

माझंही नेहमीचंच. समुद्रकाकड्या मोजते. शेजारीण अजून विचारते, "मीठ लावून खातात का हो?" मी अजून सांगते की त्या भाजी नाहीत, प्राणी आहेत, वाळू खातात आणि आपल्यापेक्षा कमी बोलतात. तिला पटत नाही.

गेल्या मंगळवारी होडी खाडीच्या उथळ बाजूला बंद पडली. अख्ख्या किनाऱ्याची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस, आणि पान्हा घरी विसरला. चार-साडेचार तास तिथेच बसून होतो. ऊन होतं. बाकी विशेष काही नाही.

एक विचारायचं होतं. तू रोज जाळी धुवायला जायचीस ती समुद्रगवताच्या कुठल्या बाजूला? आतल्या की खडकांकडच्या? सहज विचारतेय.

तुझी नणंद


२१ फेब्रुवारी

वहिनी,

उत्तर नाही. म्हणजे पत्र पोचलं.

मागच्या पत्रात "बाकी विशेष काही नाही" असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. आणि "सहज विचारतेय" हेही. तू वाचतानाच ओळखलं असशील. मी सहज काही विचारत नाही, हे या घरात पाऊल टाकल्यापासून तुला माहीत आहे.

त्या दिवशी साडेअकराला इंजिन थांबलं. पाणी कमरेएवढं, काचेसारखं. खाली गवताच्या कडेची ती करडी, जराशी चिखलट वाळू. दादाला म्हटलं, "बघ, इथे काही नाही." तो म्हणाला, "हं." मी डबा खाल्ला, टोपी तोंडावर घेतली आणि आडवी झाले.

तीनच्या सुमारास उठून वाकून बघितलं, तर वाळूला सुरकुत्या पडायला लागलेल्या. एके ठिकाणी भेग गेली. मग शेजारी दुसरी. त्या भेगेतून एक पाठ वर आली, करडी, जाडजूड, अंगावर वाळूचा थर. सुट्टी संपवून कामावर आलेल्या कारकुनासारखी: अर्धी बाहेर, अर्धी आत, आणि दोन्ही अर्ध्यांत उत्साह नाही. चारपर्यंत सगळी वाळू उठून बसली होती. तोंडाशी फुटलेल्या त्या आखूड बोटांनी एकेक जण वाळू आत सारतेय, आणि मागे स्वच्छ वाळूच्या वळ्या सोडत चाललीये. कुणाला कसली घाई नाही.

मी दोरी टाकली. नेहमीची पन्नास मीटरची, दोन्ही बाजूंना एकेक मीटर बघत जायचं. त्रेसष्ट. माझा विश्वास बसेना म्हणून उलटी आले. पासष्ट, जाऊन येईपर्यंत दोन उगवल्या होत्या. मग पुढच्या मोकळ्या वाळूत दोरी टाकली. चार. खोल पाण्याकडे एकही नाही. म्हणजे सगळा गाव गवताला धरून वसलेला. का, तेही दिसलं. गवताच्या पात्यांवर त्यांची पिल्लं चिकटलेली होती, नखाच्या अर्ध्याएवढी. पात्यावर वाढायचं, जरा अंग धरलं की वाळूत उतरायचं. गवत नसेल तर त्यांना बालपणच नाही.

हे सगळं तुला सांगणं म्हणजे अगदी हद्द आहे. पण नवीन शिकलेलं माणूस सगळ्यांना सांगत सुटतं, आणि आधी त्यालाच सांगतं ज्याला ते माहीत असतं.

ही खाडी मी बारा वेळा मोजली. बाराही वेळा सकाळी आठ ते साडेअकरा. कारण शास्त्रीय आहे: भांडारवाले साडेबाराला खोलीला कुलूप लावतात आणि त्याआधी चारही लाइफ जॅकेटं मोजून परत द्यावी लागतात. वीस वर्षांत एक जॅकेट हरवलं नाही. सकाळी मला फक्त खडकांजवळच्या काळ्या काकड्या भेटायच्या. त्या निर्लज्ज, दिवसभर उघड्यावर लोळतात. करड्या मात्र सकाळी वाळूत गाडून घेतात आणि दुपार कलली की चरायला वर येतात. आमच्या कचेरीची वेळ त्यांना कुणी कळवली नव्हती. मी तक्त्यात लिहिलं: करड्या काकड्या, शून्य. बारा रकाने, बारा शून्यं, खाली लाल रेघ आणि माझी सही. सहीला वळण छान आलं होतं.

लिही काहीतरी. शिव्या लिहिल्यास तरी चालेल. तुझ्या शिव्यांना व्याकरण चांगलं असतं.

तुझी नणंद


१० मार्च

वहिनी,

आता कामाचं सांगते, कारण दिवस थोडे आहेत.

खाडीच्या उथळ बाजूचा तळ उपसून तिथे मोठ्या बोटींसाठी धक्का करायचाय, हे तुला जाण्याआधीच माहीत होतं. फाइल आता शेवटच्या टेबलावर आली आहे. २२ एप्रिलला सुनावणी आहे. त्या दिवशी कुणी सबळ हरकत घेतली नाही तर पावसाळ्याआधी यंत्रं उतरणार. गवत आधी जाईल. त्या फाइलीत खाडी रिकामी आहे असं सांगणारा एकच शास्त्रीय कागद आहे. त्याच्यावरची सही तू पाहिली आहेस.

मी साहेबांकडे गेले. आकडा चुकलाय, दुरुस्तीचं पत्र द्यायचंय, म्हटलं.

ते म्हणाले, "अहो बाई, शून्य किती स्वच्छ आकडा आहे. त्यात आता तुम्ही दुपार कुठे घालता?"

म्हटलं, "दुपार मी नाही घातली साहेब, ती रोजच असते."

"जूनमध्ये मी निवृत्त होतोय. खुर्ची तुमच्याकडे येणार, सगळं ठरलंय. चुकलेल्या माणसाला कुणी खुर्ची देतं का?"

"आजवर दुसऱ्या कुणाला दिलीये?"

तिथे आमचं बोलणं संपलं. दुरुस्तीचं पत्र मी दुसऱ्या दिवशी आवक खिडकीत देऊन शिक्का मारून घेतला. खुर्चीचं काय व्हायचं ते होईल. तशीही तिचा एक पाय आखूड आहे.

पण समिती म्हणणार, एका दुपारी पाहिलंत, एका दुपारच्या जिवावर बारा सकाळी कशा खोडायच्या? तिथे असं माणूस हवं ज्याने वीस वर्षं रोजची दुपार त्या पाण्यात काढलीये. असं माणूस एकच आहे आणि ते थोरलीकडे तिसऱ्या मजल्यावर अंघोळ करतंय.

म्हणून आता ते लिहिते. तीन पत्रं मी त्याच्याभोवती घिरट्या घालतेय.

त्या दिवशी धक्क्याच्या जाहीर सभेत मी नकाशा लावून सांगत होते, खाडी रिकामी आहे. तू दादाचा विसरलेला चष्मा द्यायला आली होतीस, मागे दारात उभी. तू म्हणालीस, "दुपारी चारला या की. पाय ठेवायला जागा नसते." इतकं साधं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणाले, "त्या आमच्या वहिनी. जाळी धुताना पायाला जे मऊ लागतं ते सगळं त्यांना काकडीच वाटतं."

सभागृह हसलं. मला लोकांना हसवता येतं, हा माझा जुना आजार. हसू थांबेपर्यंत तू चष्मा खुर्चीवर ठेवून गेली होतीस.

आठव्या दिवशी तू बॅग भरलीस. "पंधरा दिवस थोरलीकडे जाऊन येते, वन्सं." मी सुखाने म्हटलं, ये जाऊन. एरवी तू मला नावाने हाक मारतेस, लाडात असलीस तर "ए भवाने" म्हणतेस. "वन्सं" तू फक्त लढाई पुकारल्यावर म्हणतेस. एवढं निरीक्षण मला करता आलं नाही, आणि मी निरीक्षणाचा पगार घेते.

समुद्रकाकडीला फार घाबरवलं ना, तर ती आपली आतडी बाहेर टाकून देते. हल्ला करणारा तीच चघळत बसतो, ही हळूच निसटते आणि काही आठवड्यांत आत नवीन आतडी वाढवते. मी हे मुलांना शिकवताना नेहमी म्हणते, किती हुशार. त्या दिवशी माझ्या पोटातलं सगळं मी तोंडावाटे बाहेर टाकलं, आणि घाबरवलं कुणी होतं? जाळी धुणाऱ्या एका बाईने, बरोबर बोलून.

मी चुकले. आकड्यात चुकले ते समितीला लिहून दिलंय. हे तुला लिहून देते.

२२ तारखेला ये. समितीसमोर जेवढं तेव्हा म्हणालीस तेवढंच म्हण. या वेळी कुणी हसलं तर मी आहे.

तुझी नणंद


४ एप्रिल

वहिनी,

तुझं कार्ड आलं. तू लिहिलंयस: "वन्सं, तुमच्यामुळे मी घर सोडलं असं तुम्हाला कुणी सांगितलं? तुमची जीभ मला अठ्ठावीस वर्षं माहीत आहे. मी लग्न तुमच्याशी केलं नव्हतं. ज्याला सगळं ठाऊक होतं तो पहिल्या रांगेत बसून स्वतःच्या चपला बघत होता. मी येणार नाही. नळ बदलून घ्या."

उभ्या आयुष्यात मला कुणी एवढ्या थोड्या जागेत झोपवलं नव्हतं. सोळा महिने मी या घरातल्या भांडणाचं सगळं श्रेय एकटी घेऊन बसले होते. माफीचीसुद्धा काय ऐट होती माझी.

कार्ड दादाला दिलं. त्याने शेडच्या दारात उजेडात उभं राहून वाचलं. चष्मा पुसला, परत वाचलं. मग एक स्पार्क प्लग उचलला आणि तो साफ करायला लागला. तो आधीच साफ होता.

म्हटलं, "दादा, दुपारी त्या वर येतात हे तुला माहीत होतं?"

"हिला मीच सोडायचो ना रोज तिथे."

"मग सभेत का नाही बोललास?"

बराच वेळ प्लगच पुसत होता. मग म्हणाला, "तू शिकलेली. तू शून्य म्हणालीस. मला वाटलं, तुमच्यात शून्याचा काही वेगळा हिशेब असेल."

वहिनी, मला हसू येईना. हे पहिल्यांदाच झालं.

"नंतर तरी सांगायचंस."

"नंतर सगळे हसले. मग उशीर झाला."

"आणि त्या मंगळवारी इंजिन बंद पडलं ते?"

त्याने प्लग खाली ठेवला.

"पान्हा कुठे होता दादा?"

"खिशात."

म्हणजे मी ऊन खात बसले होते ते चार-साडेचार तास हा माणूस खिशात पान्हा घालून वाळू उठायची वाट बघत होता. मला दाखवायचं होतं त्याला. आपल्या घराण्यात सांगायची पद्धत ही अशी. एकीने नको तिथे बोलायचं आणि दुसऱ्याने होडी बंद पाडायची.

मी म्हटलं, "इंजिन बंद पाडणं म्हणजे बोलणं नव्हे रे."

"मला तेवढंच जमतं," म्हणाला.

"मग सोळा महिन्यांत तिच्याकडे एकदा तरी जायचंस."

"जाऊन काय बोलू?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, तीन-चार होती, सगळी खमंग. मी एकही दिलं नाही. नोंद घे.

तुला आता ये म्हणत नाही. सुनावणीला मी जाते. जाळीचं सांगायला दुसरं कुणी नाही, म्हणून माझ्या तोंडून सांगेन, तुझं नाव घेऊन. ते तोकडं पडेल, मला माहीत आहे. खाडी वाचेल असं मला वाटत नाही. पण बारा शून्यं खोडून तरी येईन.

नळ उद्या बदलते.

तुझी नणंद


२३ एप्रिल, सकाळ

वहिनी,

काल काय झालं ते क्रमाने सांगते, मध्ये शेरे न मारता. मारले तर सोडून दे.

समिती पाच जणांची. मधोमध अध्यक्षबाई, पातळ ओठांच्या, डोळ्यांत झोप नसलेल्या. मी उभी राहून सांगितलं की माझी मोजणी चुकीच्या वेळेला झाली, करड्या काकड्या दुपारी वर येतात, गवताच्या कडेला दाट आहेत, आणि गवत उपसलं तर पिल्लांना टेकायला जागा राहणार नाही. एकमेकींपासून फार लांब पांगल्या की त्यांची वीणही थांबते, कारण सगळा कारभार पाण्यावर सोडलेला असतो, जवळ कुणी नसेल तर तो वाहून जातो. दोरीचे आकडे दिले. तुझं नाव घेतलं. धक्क्याच्या वकिलाने विचारलं, "बाई, बारा वेळा एक आणि एकदा दुसरं. यातलं शास्त्र कुठलं?" काही जण हसले. मला त्याच्या टायवर बोलता आलं असतं. नाही बोलले.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "रोज तिथे वावरणारी माणसं आहेत म्हणता. मग तेव्हा कुणीच कसं काही सांगितलं नाही?"

आणि मागे खुर्ची सरकली.

मला वाटलं, दादा पाणी प्यायला उठला. तो उभा राहिला, समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून. म्हणाला, "सांगितलं होतं. माझ्या बायकोने सांगितलं होतं. दारात उभी राहून. चारला या म्हणाली."

बाईंनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी होडी चालवतो. तिला रोज मीच सोडायचो तिथे. पाण्यात उतरताना ती पाय सरकवत सरकवत जायची, त्यांच्यावर पडू नये म्हणून. मी बघायचो. ती बरोबर बोलत होती. मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो."

"का?"

"सगळे हसत होते."

आणि तो बसला. वकिलाने कागद चाळले. मग दादा परत उठला. बाई म्हणाल्या, "अजून काही?" तो म्हणाला, "थंडीत जास्त वेळ आत राहतात. आणि मोठा पाऊस होऊन पाणी गोडसर झालं की दोन-दोन दिवस वर येत नाहीत. तेव्हा मोजू नका. हेही तिनेच सांगितलंय." आणि पुन्हा बसला. वहिनी, माझ्या भावाने एका बैठकीत गेल्या वर्षभराचं बोलून टाकलं. हे शेवटचं तर मलाही नवीन होतं, मी वहीत उतरवून घेतलं.

निकाल असा: वर्षभर उपसा थांबवायचा, तिन्ही ऋतूंत दुपारच्या मोजण्या घ्यायच्या, मगच ठरवायचं. म्हणजे खाडी वाचली नाही, तिला वेळ मिळाला. साहेब बाहेर पडताना माझ्याकडे न बघता गेले. खुर्चीवर दुसऱ्या केंद्रातला एक तरुण मुलगा येणार आहे म्हणतात. भांडारवाल्यांना मात्र कुलूप संध्याकाळी सहाला लावायचा लेखी हुकूम आलाय. ते आजारी रजेवर गेले.

आता मुख्य गोष्ट. हे पत्र पोस्टाने येत नाहीये.

आज सकाळी दादाने इस्त्रीचा शर्ट मागितला. "कुठे?" म्हटलं. म्हणाला, "तिच्याकडे."

"परत कधी येणार?"

"ती म्हणेल तेव्हा. नाही म्हणाली तर तिथेही इंजिनं असतीलच."

मग मी हे लिहायला बसले, आणि तो चपला घालून दारात उभा आहे. बस साडेनऊची. पाकीट त्याच्या वरच्या खिशात देतेय. त्याला काय बोलायचंय ते त्याने पाठ केलंय. पहाटेपासून शेडमध्ये कुठल्यातरी इंजिनाला ऐकवत होता. प्रवासात अर्धं विसरेल. जे उरेल ते अडखळत येईल, मध्ये मोठी गाळलेली जागा राहील, आणि तुझ्या जिभेवर पुढचा शब्द तयार असेल. तो देऊ नकोस. अठ्ठावीस वर्षं त्याचं प्रत्येक वाक्य तू नाहीतर मी पुरं करून दिलं. त्याला तोंड उघडायची सवयच लागली नाही, यात माझ्यासारखाच थोडा हात तुझाही आहे. रागावू नकोस, हे मी लांबून म्हणतेय.

परत यायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी विचारणार नाही.

आता वाचणं पुरे. तो दारात उभा असेल. पत्र मिटव आणि तो काय म्हणतो ते ऐक, शेवटपर्यंत.

तुझी नणंद